आपसूक पडलेली फांदी

"रेंदाळे, चादर जरा डावीकडे सरकवा. वाऱ्याचा कल बदललाय."

वाऱ्याचा कल वगैरे काही बदललेला नव्हता. मुळात वाराच नव्हता. पण डॉ. केळुसकरांनी सांगितलं म्हणून मी उठले, झाडाखाली अंथरलेली पांढरी चादर चार बोटं डावीकडे ओढली आणि पुन्हा दगडावर येऊन बसले. सकाळपासून ती चादर मी चारी दिशांना फिरवून आणली होती. तीन दिवसांत तिच्यावर काय पडलं ते सांगते: वाळकी पानं, एक मेलेला भुंगा आणि वानरानं अर्धवट खाऊन टाकलेलं कसलंसं फळ. देशातले एक मान्यवर वनस्पतिशास्त्रज्ञ त्या चादरीच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसून आभाळातून फूल पडायची वाट पाहत होते, आणि मी त्यांचा थर्मास सांभाळत होते.

ही गोष्ट एकोणीसशे शहाऐंशीच्या एप्रिलमधली. भुदरगडच्या अंगाला, घाटाच्या कडेला तळकांबे नावाचं गाव होतं आणि गावाबाहेर जखाईची देवराई. केळुसकर सर विद्यापीठात विभागप्रमुख, मी त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. वय एकतीस. माझा प्रबंध पुरा होऊन अकरा महिने झाले होते, आणि ते अकराही महिने तो सरांच्या टेबलावर डाव्या कोपऱ्यात, एका गुळगुळीत दगडाखाली पडून होता. मार्गदर्शकाची एक सही हवी होती. ती मिळाली की अठ्ठावीस एप्रिलला एका कॉलेजातल्या अधिव्याख्यात्याच्या मुलाखतीला मी बसू शकत होते. नाही मिळाली तर पुन्हा दादाच्या घरी एका खोलीत वहिनीच्या कपाळावरच्या आठ्या मोजत बसायचं. शिष्यवृत्ती डिसेंबरातच संपली होती.

सही मागायला गेलं की सर म्हणायचे, "वाचतोय, रेंदाळे, वाचतोय. घाई कसली?"

घाई कसली! स्वतःला मात्र भलतीच घाई होती. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते आणि तेवढ्यात त्यांना जगाला एक नवं झाड द्यायचं होतं. आयुष्यभर सिझिजियमवर काम केलेलं. सिझिजियम म्हणजे जांभळाचं घराणं: आपलं जांभूळ, मसाल्यातली लवंग, बाजारातले पांढरे जाम, आणि सह्याद्रीच्या रानात दडून राहिलेली त्यांची चुलत भावंडं. सगळ्यांची फुलं म्हणजे तंतूंचा झुपका, पाकळ्या नावालाच. ह्या घराण्यावर सरांनी चाळीस निबंध लिहिले होते, पण स्वतः शोधलेली जात एकही नव्हती. विभागात आम्ही पोरं पैजा लावायचो की सापडलीच तर म्हातारा तिला स्वतःचं नाव कसं चिकटवेल, 'केळुसकरी' की 'वामनी'. मी 'केळुसकरी'च्या बाजूनं होते. असल्या माणसाला पहिल्या नावावर भागत नाही.

आदल्या पावसाळ्यात राईतल्या एका प्रचंड झाडाची वाऱ्यानं मोडलेली फांदी गावातून त्यांच्याकडे आली होती. पानं भेडसाच्या झाडासारखी, पण अंमळ मोठी आणि जाड. भेडस म्हणजे जांभळाचंच एक रानातलं भावंड, पांढरट फळांचं. सरांनी पानं हातात घेतली, डोळे मिटून बोटांनी चाचपली, नाकाला लावली आणि जाहीर केलं की हे भेडस नव्हे, हे काहीतरी निराळं आहे. पण फुलाशिवाय जात सिद्ध होत नाही. म्हणून एप्रिलात फुलासाठी ही वारी, आणि वारीचा हमाल मी.

आता कोणताही शहाणा माणूस काय करील? लांब काठीला आकडी बांधील, एक फुलोरा ओढील आणि दुपारच्या एसटीनं घरी जाईल. मी तशी आकडी आणलीही होती. पण राईच्या तोंडाशीच चंद्राक्का गुरव उभी राहिली.

चंद्राक्का जखाईची पूजा करायची. नवरा गेल्यापासून ते काम तिच्याकडेच होतं. पन्नाशीची, काटकुळी, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेली. तिनं माझ्या हातातल्या आकडीकडे पाहिलं आणि नंतर सरांच्या पायांतल्या बुटांकडे.

"पायताण भाईर. आन् लोखंड भाईर," ती म्हणाली. "हितलं पान सुदीक कुनी तोडत न्हाई. आपसूक पडंल ते घ्यावं, ते बी आईला इचारून. मी चुलीला हितली काटकी न्हेत न्हाई."

"आक्का, आम्हाला एवढीशी डहाळी हवी आहे," मी बोटभर जागा दाखवून म्हणाले. "शास्त्रासाठी."

"शास्त्र तुमचं. राई आईची."

मला वाटलं, सर आता विद्यापीठाचं लेटरहेड काढतील, कलेक्टरचं नाव घेतील. पण त्यांनी मुकाट्यानं बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले, नारळ मागवला आणि हात जोडून म्हणाले, "बाई, शब्द देतो. पडेल तेवढंच घेऊ."

मनात म्हटलं, काय नाटकी म्हातारा आहे! दोन माणसं बघायला असली की ह्याला भक्तीचं भरतं येतं. त्या दिवसापासून आम्ही दोघं अनवाणी, चादर अंथरून, पडेल त्याची वाट पाहत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्राक्का ओढ्याकडे गेलेली पाहून मी हळूच म्हटलं होतं, "सर, आकडी गावात ठेवलीय. पाच मिनिटांचं काम आहे. कोणी बघत नाही."

"शब्द दिलाय, रेंदाळे."

"तुमच्या शब्दापायी माझी मुलाखत जाईल, सर."

हे मी बोलून गेले. सरांनी चेहरा माझ्याकडे वळवला. त्यांची एक चमत्कारिक सवय होती, बोलताना ते माणसाच्या चेहऱ्याकडे न पाहता कानाकडे पाहायचे. आम्ही त्याला मोठेपणाचा तोरा समजायचो.

"जाणार नाही," ते माझ्या कानाला म्हणाले. "थोडंच राहिलंय."

थोडंच म्हणे. मी दुर्बिणीकडे पाहिलं. महागडी जर्मन दुर्बीण त्यांच्या गळ्यात सतत लटकलेली असायची, आणि आल्यापासून ती त्यांनी एकदाही डोळ्याला लावली नव्हती. वर झाडाला फुलोरा आहे की नाही एवढं तरी पाहायचं! ते मलाच विचारायचे, "रेंदाळे, काही दिसतं का?" ऐंशी फुटांवर पानांचा गच्च मांडव, त्यात काय डोंबल दिसणार! मी म्हणायचे, "काहीतरी आहे, सर." काहीही नाही म्हटलं असतं तर आणखी चार दिवस मुक्काम पडला असता.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला वर पानांत खसफस झाली आणि चादरीवर थप्प करून काहीतरी पडलं.

हातभर लांबीची काडी. पान एकही नाही, पण तिच्या अंगावर फुलांचे गुच्छ, पांढऱ्या तंतूंचे टपोरे झुपके. जांभळाच्या घराण्यात हे काही नवं नाही. पानांच्या मागच्या जुन्या काडीवर फुलं येतातच.

सर खुर्चीवरून उठताना धडपडले. चादरीवर गुडघे टेकून बसले, काडी दोन्ही हातांत धरली आणि फुलांवरून अंगठा फिरवायला लागले. "पाकळ्यांची टोपी गळलीय... तंतू लांब आहेत... पेला बघा, रेंदाळे, पेला किती खोलगट आहे! भेडसाचा असा नसतो. नसतो ना? सांगा."

"नसतो, सर," मी म्हणाले. तेवढं खरं होतं.

मग त्यांनी काडी कपाळाला लावली, आणि त्यांच्या डोळ्यांतून चक्क पाणी आलं. मला शिसारी आली. एका काडीपायी हा माणूस रडतो आणि माझ्या तीन वर्षांच्या कामावर दगड ठेवतो!

"पोरी, कळशी घिऊन ये माज्यासंगं," चंद्राक्कानं मला हाक मारली. ती इतका वेळ लांब बसून गळून पडलेल्या पानांच्या पत्रावळी टाचत होती. मी तिच्यामागून ओढ्याकडे गेले. राईच्या बाहेर आल्यावर ती थांबली आणि पदरानं तोंड झाकून खुदकन हसली.

"म्हातारं सायेब लई खूस झालं."

"झाले खरे."

"त्येनला सांग, ती काडी त्या झाडाची न्हवं. ती शेकरूनं आणल्याली हाय."

"काय?"

"शेकरू गं. तांबडी, झुपकेदार शेपटीची. वर भेडशीवर घर बांदतीया. सकाळधरनं बगतीया मी, हितनं काड्या तोडती आन् वर न्हेती. एक हातातनं सुटली, ती तुमच्या चादरीवर पडली. भेडस औंदा फुललीच न्हाई. ही बग हितली फुलं."

ओढ्याच्या काठावर पाणजांभळीचं झाड होतं. साधं, ठेंगणं, पाण्यात मुळं सोडून उभं असलेलं, घाटात कुठल्याही ओढ्यावर दिसतं तसं. अंगभर फुललेलं. मी एक पडलेला गुच्छ उचलला. तोच खोलगट पेला, तेच लांब तंतू. वर पाहिलं तर एक शेकरू शेंड्याकडची काडी दातांनी कुरतडत होतं. काडी सुटली, त्यानं ती तोंडात धरली आणि ह्या झाडावरून त्या झाडावर झेपा टाकत ते राईत, थेट सरांच्या डोक्यावरच्या मांडवात शिरलं.

मला हसू फुटलं. इतकं की मी कळशी खाली ठेवून दगडावर बसले. चाळीस वर्षांचा व्यासंग, जर्मन दुर्बीण, कपाळाला लावलेली काडी आणि खारीचं घर!

"सांगतीस न्हवं?" चंद्राक्कानं विचारलं.

"सांगते की," मी म्हणाले.

कळशी घेऊन परत येईपर्यंत मी सांगणारच होते, खरंच. पण सर वाटेतच उभे होते. काडी वर्तमानपत्राच्या घडीत ठेवलेली, आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला एक मऊपणा.

"सर, एक सांगायचं होतं..."

"आधी माझं ऐका. तुमची सही उद्याच. उद्या सकाळी अकराला या, प्रबंध घेऊन जा. शेवटचं प्रकरणही काल... म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी संपलं. आता नोंद लिहा. आज दुपारी निघू."

मी वही उघडली. तारीख लिहिली. गाव, उंची, झाडाचा घेर लिहिला. सर कानाकडे पाहत म्हणाले, "एक विचारतो. तुम्ही वर पाहिलंत ना? फांदी ह्याच झाडाची? माझी खात्री आहे, पण तुमच्या तोंडून हवं."

एवढाच प्रश्न होता. त्याचं उत्तर द्यायला मला किती वेळ लागला असेल? दोन श्वास. पहिल्या श्वासात मला दिसलं, की खरं सांगितलं तर भेडस फुलेपर्यंत, म्हणजे पुढच्या एप्रिलपर्यंत, हा माणूस ह्या चादरीवरून हलणार नाही आणि माझा प्रबंध त्या दगडाखालून. दुसऱ्या श्वासात त्याहून गोड काहीतरी दिसलं: 'केळुसकरी' नावाचं झाड जगभर छापून आलेलं, आणि मग कोणीतरी शोधून काढलेलं, की ते एका खारीनं जोडलं होतं. होऊ दे शोभा, म्हटलं. चांगली होऊ दे.

"हो, सर," मी म्हणाले. "ह्याच झाडाची. मी पाहिली पडताना."

"तुम्ही म्हणता म्हणजे झालं," सर म्हणाले, आणि त्यांनी माझ्या खांद्यावर एकदा थोपटलं.

जाताना चंद्राक्का राईच्या तोंडाशी उभी होती. तिनं मला भुवई उडवून विचारलं. मी मान डोलावली. सांगितलं, अशा अर्थानं.

दुसऱ्या दिवशी सही झाली. सरांनी माझ्या पुढ्यातच केली, कागदाला नाक लावून, रेघेच्या खाली घसरत. तीही मला बेपर्वाई वाटली. मग महिनाभर मी त्यांच्यासाठी चित्रं काढून दिली, कारण विभागात माझा हात सगळ्यांत बरा होता. फुलाचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली मीच केले, मापं मीच घेतली. शेवटी मुख्य चित्र. त्यात आदल्या वर्षीची भेडसाची पानांची फांदी आणि चादरीवर पडलेली फुलांची काडी एकत्र दाखवायची होती. दोन्हींच्या मध्ये टीचभर जागा उरत होती. तिथं मी पेन्सिलीनं साल काढली, कोंब फुटायचे दोन डोळे काढले, एक छानसा सांधा काढला आणि काळ्या शाईनं पक्का केला. जगाच्या पाठीवर ते झाड तेवढ्याच जागेत उगवलं होतं.

मुलाखत झाली, नोकरी लागली. मी कॉलेजच्या गावी खोली घेतली, पहिल्यांदाच स्वतःच्या नावाची पाटी दाराला लावली. नोव्हेंबरात एक जाड लिफाफा आला. सरांचा निबंध, परदेशी नियतकालिकात छापलेला. मी तो स्टाफरूममध्येच फोडला, मनाशी हसत. बघू तर म्हाताऱ्यानं बारसं कसं केलंय!

'सिझिजियम रेंदाळिए'.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, लिफाफा कोणा दुसऱ्याचा आहे. मग खाली बारीक अक्षरात नावाचं कारण दिलं होतं. त्याचं मराठी असं होईल: ही जात माझी विद्यार्थिनी मंदाकिनी रेंदाळे हिच्या नावे अर्पण. ह्या झाडाचं फूल मी तिच्या डोळ्यांनी पाहिलं. तिच्या नोंदवहीत मला कधी चूक आढळली नाही.

शेजारच्या बाई म्हणाल्या, "अय्या, झाडाला तुमचं नाव? पेढे हवेत हं!" आणि प्राचार्यांपर्यंत बातमी गेली, पेढेही आले. मी एक खाल्ला.

पुढच्या रविवारी मी सरांच्या घरी गेले. वाटेत एसटीत सगळं पाठ केलं होतं. सर, मी खोटं बोलले. सर, ती काडी ओढ्याकाठच्या पाणजांभळीची. निबंध मागे घ्या. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं, माई म्हणायचे सगळे त्यांना. सर आत होते, डोळ्यांवर पांढरी पट्टी बांधून पडलेले.

"ऑपरेशन झालं गं," माई हळू म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एक तर पिकून फुटायच्या बेताला आलेला. तीन वर्षं कोणाला कळू दिलं नाही. विभागातून घरी बसवतील म्हणून घाबरायचे. आता तू मार्गी लागलीस, तेव्हा तयार झाले."

"मी?"

"तुझाच तर शेवटचा प्रबंध होता. तो कसा वाचला, ऐकशील? मी वाचून दाखवला. रोज संध्याकाळी चार पानं. मला मेलीला कुठलं येतंय ते लॅटिन! एकेक अक्षर सुटं वाचायचे, आणि हे जुळवून घ्यायचे. अकरा महिने लागले बघ. म्हणायचे, न वाचता सही केली तर पोरीच्या कामाचा अपमान होईल."

मी आत गेले. सरांनी पावलांवरून ओळखलं. "रेंदाळे? निबंध मिळाला? मी स्वतः पाहिला नाही हो अजून. पुढच्या सोमवारी पट्टी सुटेल, तेव्हा पहिल्यांदा तेच चित्र बघणार आहे. माईला सांगून ठेवलंय."

तो सांधा ते बघणार होते, मी काढलेला.

पाठ केलेलं सगळं तोंडात होतं. त्यातला एकही शब्द मी बोलले नाही. चहा प्यायले, पायांना हात लावला आणि परतले. त्यानंतर सर सहा वर्षं जगले. दर दिवाळीला त्यांचं पत्र यायचं आणि त्यात एक ओळ असायची, तुमचं झाड पुन्हा फुललं का, कोणी पाहिलं का.

कोणी पाहिलं नाही. कसं पाहणार! पुण्याहून, बंगलोरहून लोक राईत येऊन गेले. त्यांना भेडस दिसलं, भेडसाला भेडसाचीच फुलं आलेली. हे ते झाड नव्हे, असं त्यांनी लिहिलं. बरोबरच लिहिलं. आता कोणी म्हणेल, ह्या हुशार माणसांना मूळ नमुना तपासून चूक कळायला हवी होती. पण तो नमुना ज्या कपाटात होता त्याची किल्ली कोणाकडे मागायची ह्यावर दोन विभागांचा पत्रव्यवहार चालू होता, आणि छापलेलं चित्र इतकं सुबक होतं की कोणाला शंका आली नाही. आधी 'दुर्मीळ' म्हणाले, मग 'अतिदुर्मीळ', आणि मग 'बहुधा नामशेष'. नामशेष म्हटल्यावर मात्र लोकांना त्याचा फार कळवळा आला. शाळांतून निबंधस्पर्धा झाल्या. एकानं त्याच्यावर कविता केली. मला पर्यावरण दिनाला अध्यक्ष म्हणून बोलवायला लागले, आणि मी जाऊ लागले. शाल घ्यायचे, श्रीफळ घ्यायचे, गंभीर चेहरा करायचे. सरांची भक्ती मला नाटकी वाटायची ना? माझं नाटक कोणी पाहायला हवं होतं.

अठ्ठ्याण्णव साली तळकांब्याला पाटी बसवायचं ठरलं. अनावरणाला अर्थात मीच. जीप राईच्या तोंडाशी थांबली. मांडव घातलेला, खुर्च्या मांडलेल्या. पाहुण्यांचे बूट थेट राईच्या आत गेलेले. पाटी भेडसाच्या बुंध्याला चार खिळ्यांनी ठोकली होती. लोखंडी खिळे.

वनखात्याच्या साहेबांचं भाषण झालं. गावकऱ्यांकडे बोट करून साहेब म्हणाले, "मंडळी, जगात एकमेव असलेलं झाड तुमच्या गावात होतं. ते तुम्हाला सांभाळता आलं नाही." गावकरी खाली मान घालून बसले होते. मागच्या रांगेतला एक जण पुटपुटला, "आमी काय तोडलंय?" त्याला शेजाऱ्यानं गप्प केलं.

मी दोरी ओढली. टाळ्या झाल्या. मंडळी चहाकडे वळली तेव्हा खुर्च्यांच्या मागून एक वाकलेली बाई काठी टेकत पुढं आली. अनवाणी. मी तिला काष्ट्यावरून ओळखलं.

"आक्का," मी म्हणाले.

चंद्राक्कानं माझ्याकडे वर मान करून पाहिलं. "तुमी व्हय बाई? वळीकलं न्हाई मी." बारा वर्षांपूर्वी तिच्या तोंडी मी 'पोरी' होते. "वाचा की जरा. मला कुटं येतंय. काय लिवलंय?"

"राहू दे, आक्का."

"का ऱ्हाऊ दे? आमच्या आईच्या झाडाला खिळं मारल्यात. कशापायी मारल्यात ते तरी कळू द्या."

मी वाचू लागले. "येथे एकेकाळी 'सिझिजियम रेंदाळिए' हा जगातील एकमेव वृक्ष..."

"ते तुमचं नाव न्हवं?"

"हो."

"म्होरं."

"...वृक्ष उभा होता. मानवी हव्यासामुळे तो नष्ट झाला."

तिनं पाटीकडे पाहिलं. मग ओढ्याकडे, जिथं पाणजांभळ अजून उभी होती. तिला सगळं आठवत होतं, शेकरू, कळशी, माझी डोलावलेली मान. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"तुमी त्या दिशी म्हाताऱ्या सायबाला सांगितलंच न्हाई."

"नाही."

"आन् आता म्हंत्यात आमी तोडलं."

मी अंगावरची शाल काढून हातावर घेतली.

"हव्यास म्हंजी हाव न्हवं?" तिनं विचारलं.

"हो."

"कुनाची ते लिवलंय का?"

मी पाटी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली, जणू आधी नजरेतून सुटलं असेल. "नाही," मी म्हणाले. "ते लिहिलेलं नाही."

"मग लिवा की," चंद्राक्का म्हणाली, आणि काठी टेकत, पाहुण्यांच्या बुटांमधून वाट काढत आईच्या देवळाकडे निघून गेली.